पाऊण वॅट

माझ्या टेबलावर श्रीखंडाचा एक रिकामा डबा आहे. अर्ध्या किलोचा, प्लॅस्टिकचा, झाकणावरचं केशर-वेलचीचं चित्र अजून शाबूत. डब्याच्या एका बाजूला दोन भोकं पाडली आहेत. एकात हेडफोन लागतो, दुसऱ्यात मोर्स-की. मागून अँटेनाची केबल आणि बॅटरीच्या दोन वायरी बाहेर येतात. आत काडेपेटीपेक्षा थोडं मोठं एक सर्किट आहे, त्यावर दोन ट्रान्झिस्टर, एक आयसी आणि एक स्फटिक. घरी येणारा पाहुणा हमखास विचारतो, "हे काय?" मी सांगतो, "रेडिओ स्टेशन." मग पाहुणा आधी डब्याकडे बघतो, मग माझ्याकडे, मग माझ्या बायकोकडे. त्यानंतरचे दोन प्रश्न ठरलेले. "किती लांब जातं?" आणि "पॉवर किती?"

दुसऱ्याचं उत्तर सोपं आहे. पाऊण वॅट.

ही पाऊण वॅट मी मोजलेली आहे, उगाच सांगत नाही. दोनशे ओहमचे चार रेझिस्टर समांतर जोडले की पन्नास ओहम होतात. अँटेनाच्या जागी हा पन्नास ओहमचा 'भार' लावायचा, एक डायोड आणि एक कपॅसिटर जोडून मल्टिमीटरवर व्होल्टेज बघायचं. मीटरने दाखवलं ८.१. डायोडमध्ये गेलेले ०.६ मिळवले की ८.७. त्याचा वर्ग करा, शंभराने भागा. आलं ०.७५. सगळ्या मोजमापाचा खर्च एका मसाला डोशाएवढा.

पाऊण वॅट म्हणजे किती? आपल्याकडे झोपायच्या खोलीत पूर्वी 'झिरोचा दिवा' असायचा, आठवतो? त्या बिचाऱ्याला आपण शून्य म्हणायचो, पण तो पंधरा वॅटच्या आसपास वीज खायचा. म्हणजे माझ्या रेडिओ स्टेशनच्या वीसपट.

हौशी रेडिओवाले, म्हणजे हॅम लोक, सर्रास शंभर वॅटचे सेट वापरतात. त्यातली एक शाखा मात्र मुद्दाम कमी शक्तीवर काम करते. या प्रकाराला 'क्यूआरपी' म्हणतात. तारायंत्राच्या काळापासून चालत आलेल्या संक्षिप्त खुणांपैकी ही एक, अर्थ 'शक्ती कमी करा'. मोर्समध्ये पाच वॅट आणि बोलण्यासाठी दहा वॅट ही त्याची रूढ मर्यादा. एका वॅटच्याही खाली गेलात तर नावापुढे आणखी एक 'पी' लागतो. एका वॅटमागे हजार मैल गाठणाऱ्याला प्रमाणपत्र देणारी संस्थासुद्धा आहे. लोक हे का करतात, असं विचाराल तर प्रत्येकाचं उत्तर वेगळं येईल. कुणाला सेट स्वतः बनवायचा असतो, कुणाला डोंगरावर पाठीवर न्यायचा असतो, कुणाला महागाचे सेट परवडत नाहीत. माझं कारण सुरुवातीला तिसरं होतं. मग पहिलं झालं.

यात एक गणित आहे, ते कळल्यावर मी अक्षरशः खुर्चीतून उठलो होतो. पलीकडच्याच्या सेटवर आपला आवाज किती जोरात येतो ते दाखवणारा काटा असतो. त्यावर एक ते नऊ अशी घरं असतात. काटा एक घर खाली यायला पॉवर किती कमी करावी लागते? एक चतुर्थांश. म्हणजे शंभर वॅटवर काटा नऊवर असेल, तर पंचवीसवर आठ, सव्वासहावर सात, दीड वॅटवर सहा. माझा श्रीखंडाचा डबा साडेपाचाच्या जवळपास. शंभर वॅटचा माणूस माझ्यापेक्षा सव्वाशे-दीडशेपट वीज जाळतो आणि पलीकडे फरक पडतो फक्त साडेतीन घरांचा! (प्रत्यक्षातले काटे इतके प्रामाणिक नसतात, पण हिशेब असाच.) त्यातून पलीकडे शांतता असेल तर साडेपाच म्हणजे अगदी खणखणीत. आणि गोंगाट असेल तर नऊसुद्धा बुडतात.

हे शेवटचं वाक्य मी त्या वेळी नीट वाचलं नव्हतं. त्याबद्दल पुढे.

*

सुट्या भागांसाठी पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या परिसरात जावं लागतं. गल्लीत एकाला एक लागून इलेक्ट्रॉनिक्सची दुकानं आहेत. दुकानदाराला सर्किट काय आहे याच्याशी देणंघेणं नसतं. तुम्ही नंबर सांगायचा, तो न बघता मागच्या खणातून पुडी काढतो. हैदराबादच्या अशहर फरहान यांनी २००३ साली बिट-एक्स नावाचा सहा वॅटचा सेट प्रसिद्ध केला, तो असल्याच गल्ल्या डोळ्यांपुढे ठेवून. परदेशातून मागवावा लागेल असा भाग त्यात शक्यतो घ्यायचा नाही, टीव्हीच्या बलूनचे गाभे वापरायचे, जे मिळतं त्यातून करायचं. जगभरच्या लोकांनी तो सेट बनवला. माझा मुख्य सेट त्याच घराण्यातला, नंतरच्या पिढीतला. आधी दूरसंचार विभागाची परीक्षा देऊन परवाना काढला, कॉलसाइन मिळाली, मग प्रक्षेपण. परवान्याशिवाय नुसतं ऐकत बसा, प्रक्षेपण करू नका, हे येणाऱ्या प्रत्येक मुलाला मी सांगतो.

सेट खोलीत असतो, पण स्टेशन खरं म्हणजे गच्चीवर. सात मेगाहर्ट्झला अर्ध्या लहरीची तार वीस मीटर लागते. मध्ये एक पीव्हीसीचा पाइप पाण्याच्या टाकीला बांधून उभा केला आणि दोन्हीकडे दहा-दहा मीटर तार उतरती सोडली. तिथून केबल तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीजवळून खाली माझ्या दुसऱ्या मजल्यावर येते. सोसायटीच्या सभेत या तारेवर पाऊण तास चर्चा झाली. (पॉवरसारखीच वेळही पाऊणच.) तिने वीज पडेल, कॅन्सर होईल, टीव्ही बिघडेल. शेवटी सेक्रेटरी म्हणाले, "अहो, ती कपडे वाळत घालायच्या दोरीपेक्षा बारीक आहे, राहू द्या."

त्या दोरीच्या उपमेचा परिणाम असा झाला की एकदा दुपारी कुणीतरी तिच्यावर खरोखरच ओली नऊवारी वाळत घातली. खाली माझा सेट अँटेनाशी जुळेना. मी कनेक्टर उघडले, डाग तपासले, तासभर घाम गाळला. वर जाऊन बघतो तर जांभळी साडी वाऱ्यावर डुलते आहे. साडी वाळली तसतसा सेट आपोआप जुळत गेला. संक्रांतीला तारेत मांजा अडकतो, वैशाखात खाली पापड असतात म्हणून गच्चीत जायला बंदी असते. वळवाचे ढग जमले की मी आधी अँटेना काढून ठेवतो. त्या दिवसांत आकाश निरभ्र असलं तरी हेडफोनमध्ये कडकड ऐकू येते, कुठेतरी शेकडो किलोमीटरवर वीज चमकत असते. हवामान खात्याच्या आधी मला कळतं असं मी बायकोला सांगतो. ती म्हणते, मग कपडे काढून आणा.

डब्यातून पहिला संवाद झाला तो २०२३ मधल्या एका रविवारी सकाळी आठच्या सुमाराला. माझा स्फटिक ७.०२३ मेगाहर्ट्झचा, दुसरी जागाच नाही. दिवसा या लहरी वर जाऊन आयनांच्या थरावरून परततात आणि काही शे किलोमीटरच्या टापूत उतरतात. रात्री खालचा शोषून घेणारा थर विरतो आणि त्याच लहरी देश ओलांडतात. मी तीन आठवडे दर रविवारी हाक घालत होतो. चौथ्या रविवारी कुणीतरी माझी कॉलसाइन परत पाठवली. अर्धीच, आणि शेवटी प्रश्नचिन्ह. माझा हात इतका कापला की मी स्वतःचीच कॉलसाइन चुकवली. बंगळूरचे गृहस्थ होते, सरळ रेषेत सातशे किलोमीटरच्या पुढे. त्यांनी मला ३३९ दिलं. म्हणजे कष्टाने वाचता येतं, क्षीण आहे, पण सूर स्वच्छ. मी त्यांना ५७९ दिलं. पॉवर सांगितली तेव्हा थोडा वेळ शांतता. मग "पुन्हा सांगा." मी पुन्हा सांगितली. त्यांनी मोर्समध्ये हसण्याची खूण पाठवली.

त्या दिवशी मी खूप खूश होतो. जिलबी आणली. पण रात्री विचार करताना जाणवलं की कष्ट सगळे त्यांचे होते. मी नुसती की दाबत होतो. पंखा बंद करून, कानावर हेडफोन दाबून, तुटक टिंबं-रेघा जुळवत बसले होते ते. कमी शक्तीवर बोलणाऱ्याचं कौतुक होतं, प्रमाणपत्रं निघतात. त्याला ऐकणाऱ्याच्या नावाने काहीच निघत नाही.

*

पुढे मी आणखी खाली उतरलो. पल्सारवरच्या कामासाठी १९९३ चं भौतिकशास्त्राचं नोबेल रसेल हल्स यांच्यासोबत मिळवणारे जो टेलर स्वतः हॅम आहेत. १९७४ मध्ये त्या दोघांनी एकमेकांभोवती फिरणाऱ्या ताऱ्यांच्या जोडीतला पल्सार शोधला. अंतराळातून येणारी क्षीण टकटक गोंगाटातून वेचायची सवय असलेल्या या माणसाने २००८ मध्ये हॅम लोकांसाठी एक पद्धत आणली. तिच्या आद्याक्षरांचा उच्चार होतो 'व्हिस्पर', म्हणजे कुजबूज. सम मिनिटाला सुरू होणारा एक संदेश, लांबी जवळपास एकशे अकरा सेकंद. एवढ्या वेळात पाठवायचं काय, तर कॉलसाइन, नकाशावरचा चौकोन (पुण्याचा एमके६८) आणि पॉवर. सगळे मिळून पन्नास बिट. सेकंदाला अर्धा बिटसुद्धा नाही! इतक्या सावकाश, इतक्या चिंचोळ्या जागेत बोललं की गोंगाट शेकडो पट मोठा असतानाही संगणक त्यातून शब्द वेचून काढतो. कानाला काहीही ऐकू येत नाही. जगभर असे ऐकणारे संगणक लावलेले आहेत, आणि कुणी कुणाला ऐकलं ते इंटरनेटवर दिसतं.

मी त्यासाठी एक छोटा प्रक्षेपक बनवला, ०.२ वॅटचा, चौदा मेगाहर्ट्झवर, घड्याळ जीपीएसवरून लावलेलं. सप्टेंबर २०२४ मधली संध्याकाळ. सूर्यावरच्या डागांचं पंचविसावं चक्र ऐन भरात होतं, त्यामुळे वरचे थर छान तापलेले. मी तीन वेळा कुजबूज पाठवली आणि यादी उघडली. चेन्नई नाही, कोलंबो नाही. एकच ओळ होती. अंटार्क्टिकावरचं जर्मनीचं नॉयमायर केंद्र.

मी नकाशा काढून अंतर मोजलं. साडेअकरा हजार किलोमीटरच्या वर. ०.२ वॅट.

बायकोला उठवलं. (साडेनऊलाच झोपली होती, दिवस दमवणारा असावा.) "अंटार्क्टिकाने ऐकलं आपल्याला." ती म्हणाली, "आपल्याला म्हणजे? मी काही बोलले नाही." आणि पाठ फिरवून झोपली.

नॉयमायर इतकं चांगलं का ऐकतं? तिथे बर्फ आहे, आणि शेजारी नाहीत. मोबाइलचे चार्जर नाहीत, जिन्यातले स्वस्तातले एलईडी दिवे नाहीत, इन्व्हर्टर नाहीत, कुणाच्या घरी टीव्ही चालू नाही. या सगळ्या उपकरणांतले पुरवठे सेकंदाला हजारो वेळा वीज चालू-बंद करतात आणि त्याचे शिंतोडे थेट आपल्या पट्ट्यांवर उडतात. शहरातल्या हॅमची अवस्था लग्नाच्या बँडशेजारी उभं राहून फोनवर बोलण्यासारखी असते. आपलं बोलणं पलीकडे जातं, पलीकडचं आपल्याला कळत नाही. असल्या स्टेशनला हॅम लोकांत मगर म्हणतात. तोंड मोठं, कान लहान.

पाऊण वॅटचा माणूस मगर कसा होईल, असं मला वाटायचं.

*

त्या दिवाळीत आमच्याकडे गोंगाट वाढला. संध्याकाळी सेट लावला की घर्रर्र, काटा सरळ सातवर. बंगळूर सोडाच, मुंबईचे लोक ऐकू येईनात. दोन आठवडे मी चडफडत काढले. मग एका संध्याकाळी दिवाणखान्यात बसलो असताना छतातून एक बारीक घुर्र आवाज जाणवला. थांबून थांबून येणारा. दिवाळीच्याच आठवड्यात वरच्या मजल्यावरच्या काकू दवाखान्यातून घरी आल्या होत्या. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून त्यांच्यासाठी हवेची गादी आणली होती, तिच्यात आळीपाळीने हवा भरणारा पंप चोवीस तास चालतो. आठवडा तोच, पंप नवा, विजेवरचा. झालं की सिद्ध!

आमच्या छंदातलं प्रत्येक पुस्तक सांगतं की गोंगाटाचा शोध घ्यायचा तर पहिलं काम स्वतःच्या घराचा मेन स्विच बंद करायचा आणि सेट बॅटरीवर चालवून बघायचा. पहिलं काम. मी ते केलं नाही. फ्रिज होता, बायकोची मालिका होती, आणि मुख्य म्हणजे मला उत्तर ठाऊक होतं. आणखी एक गोष्ट होती. रविवारी सकाळी गोंगाट नसायचा. पंप तर रविवारीही चालू असणार. हे माझ्या वहीत माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे, तारखेसकट.

मी वर गेलो. काका दारात आले, हातात काकूंचं पावडरचं भांडं. वीस वर्षांचा शेजार, त्यांनी "ये, बस" म्हटलं. मी बसलो नाही. उभ्या उभ्या म्हणालो की तुमच्या मशीनमुळे माझं सगळं काम बंद पडलंय, संध्याकाळी सात ते साडेसात तेवढं बंद ठेवता आलं तर बघा. 'काम' म्हणालो मी त्याला. काका म्हणाले, "बरं, बघतो."

दुसऱ्या दिवशी सातला सेट लावला. घर्रर्र. तिसऱ्या दिवशी तेच. मी समजलो की माणसं बघतो म्हणतात आणि बघत नाहीत. त्यानंतर तीन आठवडे मी काकांशी जिन्यात धड बोललो नाही. एकदा ते औषधांची पिशवी घेऊन चढत होते, मी मोबाइलमध्ये बघत बाजूने उतरलो.

डिसेंबरमध्ये एका संध्याकाळी कोपऱ्यावरची डीपी उडाली. आख्खी आळी अंधारात. माझा सेट बॅटरीवर, मी हेडफोन लावला आणि बघतो तर काटा एकावर. काय सांगू, दिवाळीनंतर पहिल्यांदा जग ऐकू येत होतं. एकावर एक मोर्सचे बारीक सूर, मागे कुणी रशियन, कुणी जपानी. मी पाऊण तास हललो नाही. आठच्या सुमाराला दिवे आले. समोरच्या इमारतीत आरोळी झाली, फ्रिज थरथरला, छतातून पंपाची घुर्र सुरू झाली. मी डोळे मिटून घर्रर्रची वाट बघितली.

ती आली नाही.

पाच मिनिटं गेली. दहा गेली. पंप चालू आहे, हेडफोनमध्ये शांत. मग स्वयंपाकघरातून बायको आली, देवघराकडे गेली, तिने देव्हाऱ्यातला बटणाचा स्विच दाबला. घर्रर्र.

देव्हाऱ्यात एलईडीची माळ आहे. दिवाळीला मीच आणली होती, रस्त्यावरून, ॲडॉप्टरसकट दीडशे रुपयांना. रोज दिवेलागणीला लागते, रात्री निजताना बंद होते. सकाळी बायको समई लावते, माळ नाही. मी म्हटलं, "बंद कर." शांत. "लाव." घर्रर्र. "बंद कर." ती म्हणाली, "देवाची थट्टा लावलीय का?" मी खिशातला छोटा ट्रान्झिस्टर त्या ॲडॉप्टरजवळ नेला. तो असा ओरडला की बायको मागे सरली.

देव्हारा माझ्या सेटच्या भिंतीपलीकडे आहे. अंतर दोन मीटर.

*

दुसऱ्या दिवशी वर गेलो. काय बोलायचं ते जिन्यात दोनदा घोकलं होतं. म्हटलं, "काका, माझी चूक झाली. गोंगाट माझ्याच घरातला होता. तुमच्या पंपाचा काही संबंध नव्हता."

काकांनी चष्मा काढला, पुसला. म्हणाले, "म्हणजे आता सातला बंद करायला नको?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. रोज सातला ते पंप बंद करत होते. तीन आठवडे. गादी बसू लागली की काकूंना हळूच कुशीवर घेऊन, मागे उशी लावून, पाठीला पावडर लावत बसायचे. साडेसातला पुन्हा चालू. एक दिवस चुकला नाही म्हणाले, एकदा मुलीचा फोन आला तेव्हा पाच मिनिटं उशीर झाला होता तेवढाच.

आतून काकूंचा आवाज आला, "कोण, खालचा का? सात वाजले की मी ह्यांना म्हणायची, बंद करा, त्याचा रेडिओ सुरू झाला असेल."

मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. बहुधा काहीच नाही. नॉयमायरचं केंद्र मला ऐकू शकत होतं आणि मी डोक्यावरच्या खोलीतलं ऐकू शकलो नव्हतो. छतातून येणारी पंपाची घुर्र मी ज्या कानांनी पकडली, त्याच कानांना ती रोज सात ते साडेसात बंद पडते हे कळलं नाही, कारण तेव्हा कानांवर हेडफोन असायचा.

माळ काढली. आता संध्याकाळीही समई असते. त्यानंतर तीन-चार दिवसांनी काकूंनी विचारलं, "ते तुझं काय असतं, मला ऐकव की एकदा." अँटेनाची केबल त्यांच्या गॅलरीजवळूनच खाली जाते. ती ओढून आत घेतली, श्रीखंडाचा डबा काकूंच्या खाटेजवळच्या स्टुलावर ठेवला, हेडफोनच्या जागी छोटा स्पीकर लावला. काका पंप बंद करायला उठले, मी त्यांना हात धरून बसवलं.

पंप चालू. काटा नाही या डब्याला, पण गोंगाट नव्हता. मागे कुठल्यातरी परदेशी प्रसारणकेंद्रावर चिनी भाषेत निवेदन चाललं होतं. हा डबा फार साधा आहे, शेजारचं सगळं आत घेतो. मग निवेदनाच्या आडून एक बारीक सूर आला. दीर्घ-ऱ्हस्व-दीर्घ-ऱ्हस्व, दीर्घ-दीर्घ-ऱ्हस्व-दीर्घ. पुन्हा तेच. पुन्हा तेच.

काकू म्हणाल्या, "काय म्हणतोय?"

"आपलं नाव सांगतोय. आणि विचारतोय, कुणी ऐकतंय का."

"मग सांग ना त्याला, ऐकतोय म्हणून."

मी की दाबली. माझी कॉलसाइन दोनदा दिली आणि थांबलो. त्याने पुन्हा तीच हाक दिली, आम्ही त्याच्या खिजगणतीत नव्हतो. पुन्हा दिली. नाही. तिसऱ्यांदा तो थोडा थबकल्यासारखा वाटला, काकूंनी मान उचलायचा प्रयत्न केला, काकांनी मागे हात दिला. मग कुणीतरी दुसरं, जोरकस, त्याला उत्तर देऊन गेलं.

"दमला असेल," काकू म्हणाल्या. "उद्या बघू."

त्या दिवशीची वहीतली नोंद अशी आहे: ७.०२३, सायंकाळी ७.१०, तिसरा मजला, पाऊण वॅट, उत्तर नाही. शेरा: पंप चालू, गोंगाट नाही.